दिवा लागला की थांबायचं नाही

आमच्या अप्पांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावर त्यांना चहा मिळणार नाही असं एकही गाव नाही. दुसरी म्हणजे त्यांच्या गाडीइतका अ‍ॅव्हरेज मार्केट यार्डात दुसऱ्या कुणाची गाडी देत नाही. पहिली गोष्ट कायम खरी होती. दुसरी नवी गाडी येईपर्यंत खरी होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या यार्डात त्यांची आडत. गावोगावचे शेतकरी तूर, सोयाबीन घेऊन त्यांच्याकडे येत, आणि ज्याचा माल आपल्या आडतीवर उतरतो त्याच्या दारावरून गाडी तशीच पुढे नेणं अप्पांच्या मते पाप होतं. गाडी थांबायची, इंजिन बंद व्हायचं, "शरणु शरणार्थी" असा नमस्कार व्हायचा, मग चहा. मी आणि आई मागच्या सीटवर घामाघूम. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाला त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरातल्या कपबशीची नक्षी पाठ आहे.

नवी गाडी आली ती प्रदूषणाच्या नव्या नियमांची, डिझेलची, पोटाखाली धुराच्या नळीत फिल्टर बसवलेली. आणि माझं नशीब असं की मी पुण्यात नेमकी असल्याच फिल्टरच्या चाचण्या करायच्या नोकरीत. त्यामुळे गाडीचं काहीही बिघडलं की अप्पा मला फोन करून "तुमच्या फिल्टरनं बघ काय केलं" म्हणायचे. काच वर होईना, तरी फिल्टर. एकदा गाडीत उंदीर शिरला तेव्हासुद्धा मलाच फोन.

मी त्यांना किती वेळा समजावलं. म्हटलं, अप्पा, तो भाजलेल्या मातीसारखा एक ठोकळा असतो. त्यात बारीक बारीक चौकोनी नळ्या. एक नळी पुढून उघडी, मागून बुजवलेली, तिच्या शेजारची बरोबर उलटी. धूर आत शिरतो, पुढे वाट नसते, मग भिंतीच्या छिद्रांतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी मागे भिंतीवर राहते. छिद्रं मोठी ठेवली तर काजळी निसटते. बारीक ठेवली तर धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जोर लावावा लागतो, आणि जोर लागला की डिझेल लागतं. भिंत जाड केली तरी तेच, पातळ केली तर ती तापून तडकते. यातलं कमी-जास्त ठरवण्यात आमचे दिवस जातात.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे गाडीच्या नाकात बोळा घातला तुम्ही, आन् आता इचारून राहिले की श्वास का लागून राहिला. नाकापेक्षा मोती जड!"

मला राग येतो तो असा. माणसाला अर्धं कळतं, आणि त्या अर्ध्याचीच तो म्हण करून टाकतो.

उरलेलं अर्धं असं होतं. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते. त्यासाठी आपणहून थोडं जास्तीचं डिझेल घेऊन धूर तापवते. यासाठी तिला वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगानं पळू द्यावं लागतं. मध्येच इंजिन बंद केलं तर जाळणं अर्धवट राहतं. पुढच्या खेपेला ती पुन्हा पहिल्यापासून तापते, पुन्हा जास्तीचं डिझेल घेते. आता लातूरहून निघालेले अप्पा सलग पंचवीस मिनिटं कुठे न थांबता जातील, असा रस्ता मराठवाड्यात अजून बांधला गेलेला नाही. त्यात डिझेल वाचवायला ते उतारावर न्यूट्रल करायचे आणि कुणी हाक मारली की आधी चावी फिरवायचे, मग काच खाली करायचे. गाडी बिचारी दर गावाला तापायची आणि दर गावाला विझायची. अ‍ॅव्हरेज उतरत गेला. अप्पा आणखी वाचवायला लागले. अ‍ॅव्हरेज आणखी उतरला.

शेवटी एकदा निलंग्याहून येताना गाडी रुसली. स्टेअरिंगसमोरचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला आणि ती बैलगाडीच्या चालीनं घरी आली. वर्कशॉपवाल्यानं फिल्टर साफ करून दिला आणि बजावलं की पुन्हा असा तुंबला तर नवाच बसवावा लागेल. मी तेव्हा सुट्टीवर घरीच होते. अप्पांना गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं: दिवा लागला की थांबायचं नाही. इंजिन बंद करायचं नाही. काजळी जळून तो विझेपर्यंत गाडी पळवायची. अप्पा नाइलाजानं का होईना, बोलले. आणि लिंगावर हात ठेवून बोललेला शब्द त्यांनी जन्मात मोडलेला नव्हता, हे मला माहीत होतं.

त्याच सुट्टीत मला बघायला एक मुलगा आला. बिलोलीकडचा, गुरांचा डॉक्टर. अव्वानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, मी साडी नेसले, आणि मग रीतीप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. गच्चीवर अव्वाचे पापड वाळत होते. त्यानं विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?" मी मनात म्हटलं, चला. तोवर ज्याला ज्याला मी फिल्टर समजावला होता त्याची नजर दुसऱ्या वाक्याला माझ्या डोक्यावरून पलीकडे जायची. याची गेली नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे रवंथच की. जनावर घाईत खातं, मग निवांत बसून रवंथ करतं. त्याला सारखं उठवत राहिलं की ते बिघडतं. मी गावोगाव हेच सांगून राहिलोय."

मी तीन वर्षं त्या कामात होते, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. मला तो तिथंच, पापडांच्या मधोमध, आवडला. नुसता आवडला नाही. हे जमलं नाही तर मी दुसरा मुलगा बघायला बसणार नाही, इतका आवडला. अर्थात खाली येऊन मी अव्वाला "ठीक आहे" एवढंच सांगितलं. आमच्यात याहून जास्त बोलत नाहीत.

त्यांच्याकडून होकार आला. आता घर बघायला आम्ही जायचं होतं. हे स्थळ आणलं होतं अव्वाच्या मामेभावानं, म्हणजे आमच्या मामांनी. मामांनी आधीच सावध केलं. "मुलाचं वडील मानूस लाखमोलाचं, पन एक खोड हाय. दारावरून तसंच पुढं गेलेलं पाव्हणं ते परत दारात घेत न्हाईत. मागच्या साली एक सोयरीक ह्याच्यापायीच मोडली. पोरीकडचे आधी बिलोलीला दुसऱ्या पाव्हण्याकडं चहा प्यायला गेले, ह्यांच्या दारावरून. झालं! आल्या पावली वापस."

अप्पा हसले. म्हणाले, "माझ्या हातून दारावरून जानं व्हईल का? मला अख्खा जिल्हा वळखतो." ते खरंच होतं. त्या बाबतीत मलाही कसलीच काळजी वाटली नाही.

मुलीनं स्वतः घर बघायला जायचं नसतं. अव्वा तशी म्हणालीसुद्धा, "पोरगी सोताचं घर बघाया जाती होय कुठं?" पण अप्पांना त्या दिव्याची धास्ती बसली होती. ते म्हणाले, "ती घर बघाया न्हाई, दिवा बघाया येऊन राहिली." अशी मी माझ्याच सोयरिकीला मेकॅनिक म्हणून निघाले, रेशमी साडी नेसून.

निघताना मी हात जोडून सांगितलं, अप्पा, आज कुठे थांबू नका. ते हो म्हणाले. चाकूरला थांबले, कारण एकानं हाक मारली, आणि हाक मारल्यावर कसं जायचं? अहमदपूरला थांबले, कारण कुणी हाक मारली नाही, म्हणजे नक्कीच माणूस आजारी असणार. तो ठणठणीत होता. लोह्याला एका घरी मातीला जायचं राहून गेलं होतं, तिथं तर मलाही काही बोलता येईना. दर ठिकाणी इंजिन बंद. दर ठिकाणी अव्वा कपबशी ओळखणार. मी दात-ओठ खात बसले होते आणि घर दाखवायला बरोबर आलेले मामा मागे डुलक्या घेत होते.

नांदेड मागे टाकलं, बिलोली जवळ येत चालली आणि दिवा लागला.

"लागला की गं दिवा," अव्वा हरखून म्हणाली. "चांगला शकुन हाय."

"अव्वा, हा तसला दिवा नाही!"

पण अप्पांचं रूपच पालटलं. पाठ ताठ, दोन्ही हात स्टेअरिंगवर. "आता थांबायचं न्हाई," ते म्हणाले आणि गाडी साठावर नेली. रस्त्यात एकानं हात केला, ओळखीचा होता, अप्पांनी बघितलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं. शेवटी एकदाचं माझं शिक्षण कामी आलं, असं वाटलं.

मामा जागे झाले. "हळू घ्या, ते बघा घर."

घर रस्त्याला लागूनच होतं. दारात आठ-दहा माणसं. पुढे मुलाचे वडील, पांढरं धोतर, फेटा, पाहुण्यांच्या पायावर घालायला हातात पाण्याचा तांब्या. मागे तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या वडिलांनी हसून हात पुढे केला. आणि आमची गाडी त्या हातापुढून साठाच्या वेगानं निघून गेली.

"अप्पा! थांबा!" मी किंचाळले.

"शपथ कुनी घातली?" अप्पा समोर बघत म्हणाले. "विझला का दिवा?"

"नाही, पण थांबा!"

"तूच म्हनलीस न्हवं, थांबायचं न्हाई?"

मी मागे वळून बघितलं. तेव्हा मला अंगण दिसलं. आमची गाडी लावायला त्यांनी जागा मोकळी केली होती, पण नुकतीच मळणी झालेली असावी, सगळीकडे सोयाबीनचं कोरडं भुसकट पसरलेलं, कडेला कडब्याची गंजी. काजळी जाळत असलेली गाडी पोटाखाली केवढी तापते हे त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं. त्या भुसकटावर ती उभी केली असती तर सोयरिकीच्या दिवशीच व्याह्यांची गंजी पेटवून आलो असतो.

"नका थांबू," मी म्हटलं.

"माय माय," मामा म्हणाले, "बापलेकीनं एक कायतरी ठरवा."

पुढच्या चौकात अप्पांनी गाडी वळवली. इंजिन चालूच. पुन्हा त्याच दारावरून, उलट्या दिशेनं. या खेपेला आम्ही शक्य तेवढा आदर दाखवला. अप्पांनी स्टेअरिंगवरून एक हात काढून कपाळाला लावला. अव्वा काच खाली करून निवडून आलेल्या बाईसारखी हात हलवत राहिली. मामांनी टॉवेलनं तोंड झाकलं. मुलाच्या वडिलांचं हसू अर्ध्यावर थांबलेलं मला स्पष्ट दिसलं.

मामांनी टॉवेलाखालूनच त्यांना फोन लावला. ते अंगणात, फोन घरात चार्जिंगला. मी मुलाला लावला. तो दर वेळी कट करत होता. बरोबरच होतं, घरच्यांच्या देखत, वडिलांच्या शेजारी उभं राहून, ठरू घातलेल्या बायकोचा फोन कोण उचलतं?

तिसऱ्या खेपेला रस्त्याच्या कडेला शेजारीपाजारी जमले होते. पोरं आमची गाडी दिसली की ओरडायला लागली. आणि मुलाच्या वडिलांनी हातातला तांब्या खाली जमिनीवर ठेवला.

तो तांब्या माझ्या लग्नाचा होता. मला रडू यायला लागलं, आणि रडता रडता संतापही येत होता. अप्पांचा, त्या चाकूरच्या चहाचा, आणि ज्या कुणी तो दिवा नारिंगी रंगाचा केला त्याचा. "संपलं," मी म्हटलं. अप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "थांबवू का गं?" त्यांनी हळूच विचारलं. ही शपथ ते माझ्यासाठी मोडायला निघाले होते. मी मानेनंच नाही म्हटलं, कारण भुसकट होतं तिथंच होतं.

तेवढ्यात उजव्या बाजूला मोटारसायकलचा आवाज आला. तो होता. इस्त्रीचा शर्ट वाऱ्यानं फुगलेला. गाडीच्या बरोबरीनं येऊन तो ओरडला, "दिवा लागला का?"

मी काच खाली केली. "हो! अजून दहा मिनिटं तरी! आणि तुमच्या अंगणात भुसकट आहे!"

त्यानं क्षणभर विचार केला आणि हसला. "रवंथ चाललंय म्हणा की!" एवढं बोलून तो मोटारसायकल वळवून सुसाट परत गेला.

"काय म्हनला त्यो?" अप्पांनी विचारलं. मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "पोरगा हुशार हाय. मला कुनी असं सांगितलंच न्हाई."

चौथ्या खेपेला अंगणात धांदल उडाली होती. बाया खराटे घेऊन, माणसं पाट्या घेऊन भुसकट लोटत होती, आणि सगळ्यांच्या पुढे फेटा सावरत मुलाचे वडील स्वतः. आम्ही जाताना त्यांनी मान वर करून हातानं खूण केली: जाऊ द्या, सावकाश, होऊ द्या. जन्म गुरांत काढलेला माणूस. रवंथ करणाऱ्या जनावराला उठवायचं नसतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

पुढच्या फेरीत दिवा विझला. अप्पांनी गाडी झाडलेल्या जागेवर आणून उभी केली. मुलाचे वडील पुढे आले, पण हातात तांब्या नव्हता, भरलेली बादली होती. "थांबा पाव्हणं," ते अप्पांना म्हणाले, "दारात गाडी आली की आधी जनावराला पानी, मंग मानसाला." आणि वाकून बादली गाडीच्या पोटाखाली रिकामी करायला निघाले.

"पाणी टाकू नका!" मी ओरडले. "फिल्टर तडकेल!"

सासऱ्यांशी बोललेले माझे पहिले शब्द हेच. अव्वानं डोळे मिटून घेतले. त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि लेकाला विचारलं, "हीच काय ती?"

"हाव," तो म्हणाला.

"जनावराची काळजी हाय हिला," ते म्हणाले आणि तांब्या आणायला वळले. अप्पांच्या पायावर पाणी घातलं, गळाभेट झाली. चहा आला. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "पाव्हणं, अ‍ॅव्हरेज काय देते हो गाडी?"

"आज नका इचारू," अप्पा म्हणाले.

परत येताना सगळे खुशीत होते. अव्वा खिडकीतून बाहेर बघत सहज म्हणाली, "गाडी अंगनात कशाला न्यायची, डांबरावर कडंला चालूच ठेवून येकजन उतरून सांगायचं होतं की." अप्पांनी आरसा नीट केला. लोह्याला अप्पा चहाला थांबले.

लग्न मुलाच्या गावी झालं. त्यामुळे माझी पाठवणी उलटीच झाली. मी अंगणात उभी राहिले आणि निघून गेले ते अप्पा-अव्वा. निघताना अप्पांनी गाडीच्या खाली वाकून बघितल्यासारखं केलं, "गार हाय," म्हणाले आणि जाऊन बसले. मी मनाशी हिशेब केला की लोहा, अहमदपूर, चाकूर धरून हे काही रात्रीच्या आत लातूरला पोचत नाहीत.

दिवस मावळायच्या आतच अव्वाचा फोन आला. घरी पोचलो म्हणाली.

"इतक्यात? चाकूरला कोण भेटलं?"

"कुठंच थांबले न्हाईत गं."

"का? दिवा लागला होता का?"

"न्हाई," ती म्हणाली. "दिवा न्हाई का काय न्हाई. लोह्याला मानूस रस्त्यात हात करून हुबा होता. त्याच्या म्होरून गेले. मी म्हनलं, अहो, थांबा की. तर म्हनले, आज नगं, आज कुनाशी बोलाया जमायचं न्हाई."

मग तिनं फोन अप्पांकडे दिला. "बाई," ते म्हणाले, "आज अ‍ॅव्हरेज लई झकास आला बघ. तुझंच खरं हाय, थांबायचं न्हाई." आणि फोन परत अव्वाकडे दिला.